'इचलकरंजीकर' : एका विशेषणाची घडण

लॅटिनमध्ये स्थलनामापासून साधलेले विशेषण विशेष्याच्या लिंग, वचन व विभक्तीप्रमाणे चालते. 'रोमा'पासून रोमानुस, रोमाना, रोमानुम ही तीन लिंगांची रूपे होतात. चतुर्थीत पुल्लिंगी रोमानो, तर स्त्रीलिंगी रोमानाए. मराठीनेही तीन लिंगे राखली, विशेषणाचे चालणे मात्र आखडते घेतले. इचलकरंजीचा माग, इचलकरंजीची साडी, इचलकरंजीचे कापड येथवर लिंगभेद ठळक आहे. मागाला, साडीला, कापडाला म्हणताच तिन्ही रूपे 'इचलकरंजीच्या' या एकाच रूपात विलीन होतात.

'कर' प्रत्ययाची रीत याहून निराळी. 'इचलकरंजीकर' हे विशेषण अकारान्त, म्हणून अविकारी. गृहस्थ, बाई, मंडळी यांपैकी कोणाच्याही आधी ते तसेच राहते. नाम म्हणून योजले तरच 'इचलकरंजीकरांनी', 'इचलकरंजीकरीण' अशी रूपे संभवतात. कारण केवळ अन्त्य वर्णाचे. परंतु अर्थाच्या अंगानेही हा प्रत्यय सहसा ढळत नाही. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा (1849–1926) इचलकरंजीच्या जहागीरदारांच्या आश्रयास राहिले आणि संगीताच्या इतिहासात इचलकरंजीकर म्हणूनच नोंदले गेले. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर कुरुंदवाडला जन्मले, तरी पूर्वजांच्या पलूस गावावरून पलुसकरच राहिले. 'पलूस'चा ऊकार ऱ्हस्व झाला; गाव सुटले, 'कर' सुटला नाही.

जो प्रत्यय सहजी सुटत नाही, तो सहजी मिळतही नाही. 1904 साली विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग आणला. पुढे हा व्यवसाय वाढला आणि कर्नाटक, राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहार येथून माणसे पोटासाठी आली. त्यांच्या हातून मागावर उतरलेले कापड त्याच दिवशी 'इचलकरंजीचे' होते. मागावर उभ्या असलेल्या माणसाला मात्र तीस वर्षांनंतरही 'मूळचे कुठले?' हा प्रश्न चुकत नाही.

इ. स. 212 मध्ये कॅराकॅला या सम्राटाने साम्राज्यातील बहुतेक सर्व स्वतंत्र रहिवाशांना रोमन नागरिकत्व दिले. 'रोमानुस' हे विशेषण अशा रीतीने राजाज्ञेने विस्तारले. 'कर' प्रत्ययासाठी अशी आज्ञा निघू शकत नाही. तो शेजाऱ्याच्या तोंडून मिळावा लागतो. व्याकरणाला 'इचलकरंजी'पुढे 'कर' लावण्यास कोणतीही अडचण नाही. जी अडचण आहे, ती बोलणाऱ्याच्या मनात आहे.