फुकटातलं गाणं

"मामू, गाणी फुकट वाटली तर खायचं काय?"

भाच्याचा प्रश्न. पोरगा संगणकाच्या कंपनीत नोकरी करतो आणि रात्री उर्दू-मराठी मिसळून गाणी बनवतो. दुल्हाभाईंना हा नाद मान्य नाही. आमच्या घरी गाणं हराम की हलाल यावरच जेवण थंड होतं, पोटापाण्याचा मुद्दा निघतच नाही. त्याला मात्र राजीनामा द्यायचा होता. प्रत्येक गाण्याला त्यानं किंमत लावली होती. नऊ महिन्यांत चौदा विकली गेली, त्यातली तीन मी घेतलेली.

मला लहानपणीचा उरूस आठवला. कव्वालीला तिकीट नसायचं. गल्लीतली पोरं, हमाल, व्यापारी सगळे एकाच सतरंजीवर. एखादा मिसरा काळजाला लागला की कुणीतरी उठायचं, नोट आधी सज्जादानशीनांच्या हातात द्यायचं आणि ते ती कव्वालाकडे सरकवायचे. कव्वाल तोच मिसरा पुन्हा घ्यायचा. नव्वद जण फुकट ऐकायचे, दहा जण द्यायचे. पण ते नव्वद नसते तर महफिल भरलीच नसती.

भाचा म्हणाला, ते जुनं झालं. मग मी त्याला जोनाथन कूल्टनचं सांगितलं. हाही न्यूयॉर्कमधला संगणकवालाच. 2005 मध्ये नोकरी सोडून वर्षभर दर आठवड्याला एक गाणं त्यानं इंटरनेटवर टाकलं. परवाना असा, की धंदा न करता कुणीही गाणं वाटावं, वापरावं. लोकांनी त्या गाण्यांवर आपले व्हिडिओ केले आणि त्याचं नाव फुकटात पसरलं. मग काहींनी गाणी विकतही घेतली, तिकीट काढून कार्यक्रमाला आले. 2008 मध्ये नाइन इंच नेल्सनं 36 तुकड्यांच्या संग्रहातले पहिले 9 फुकट दिले, आणि त्याच संग्रहाच्या 300 डॉलरच्या सजवलेल्या 2500 प्रती हातोहात संपल्या. अर्थात ते आधीच नावाजलेले होते. आपल्या पोराला कोण ओळखतो? म्हणूनच मी म्हटलं, नोकरी इतक्यात सोडू नकोस. तुझ्या गाण्याची नक्कल करणारा चोर नाही, तो तुझी जाहिरात करतोय. पैसे घ्यायचे ते समोर बसून गाण्याचे, शिकवण्याचे, कुणाच्या नाटकाला चाल लावून देण्याचे.

हे सांगताना मला धाकधूक होतीच. मास्तराचा पगार दर महिन्याला येतो, त्याला दुसऱ्याला धीर देणं सोपं जातं.

रमजाननंतर त्यानं सगळी गाणी मोकळी केली. खाली लिहिलं, लग्नात वाजवा, मित्रांना पाठवा, आवडलं तर द्या. चार महिन्यांनी एका कॉलेजातून बोलावणं आलं. चार हजार रुपये आणि जाण्यायेण्याचा खर्च. मुलांना शब्द पाठ होते. त्यांनी ते विकत घेतले नव्हते हे उघड होतं.

राजीनाम्याचा कागद अजून त्याच्या बॅगेतच आहे. बाजीनं परवा फोनवर सांगितलं, दुल्हाभाई त्याच्या खोलीच्या दाराशी थोडा वेळ थांबले होते. आत गेले नाहीत.