एक हात मोकळा

जळगाव,
कानबाई विसर्जनाचा दुसरा दिवस

चि. सौ. बेबीस,


तुझा फोन आला तेव्हा दारात ढोल वाजत होते, निम्मं ऐकूच आलं नाही. एवढं कळलं की बंटीच्या शाळेचा बेसबॉलचा संघ जिल्ह्यात पहिला आला, आता विभागीय स्पर्धेला नाशिकला जायचंय आणि तू त्याच्यासाठी चाकांची मोठी बॅग आणायला निघाली आहेस. ती आणू नकोस. एवढ्यासाठीच लिहायला बसले.

आमची थोरली पहिल्यांदा सॉफ्टबॉलला बाहेरगावी निघाली तेव्हा मी तिची बॅग पोरगी बाळंतपणाला चालल्यासारखी भरली होती. आई ओट्यावर बसून बघत होती. म्हणाली, "इतलं वझं कोन उचली वं?" मी हसण्यावारी नेलं. स्टेशनवर सरांनी संघाचं सामान वाटायला घेतलं तेव्हा डोळे उघडले. एकीकडे बॅटांची पिशवी, दुसरीकडे कॅचरचं हेल्मेट, छातीचं आणि पायांचं गार्ड. तुझ्या भाचीच्या वाट्याला बेस आले. तिच्या एका हातात माझी बॅग, दुसऱ्या हातात डब्यांची पिशवी. शेवटी पुलाच्या पायऱ्यांवर तिची बॅग दुसऱ्याच कुणाच्या लेकीनं उचलली, आणि मी प्लॅटफॉर्मवर उभी राहून हात हलवत होते! अमेरिकेत म्हणे पोरांच्या बेसबॉलसाठी आख्खं घर गाडीत बसून गावोगाव हिंडतं. आपल्याकडे एक सर, पंधरा-सोळा पोरं आणि एसटी. त्यामुळे बंटीचा एक हात संघाचाच धर. पाठीवर एक सॅक, बाकी काही नाही.

सॅक त्याला स्वतःला भरू दे. तू भरलीस तर त्याला मोजा सापडणार नाही आणि रात्री नऊला सरांच्या फोनवरून तुला विचारेल.

कपड्यांचं थोडक्यात सांगते: खेळायचे दोन जोड, झोपायचा एक, मोजे मात्र चार. पावसाचे दिवस आहेत. काळ्या मातीचं मैदान निघालं तर बुटाखाली अशी ढेकळं चिकटतात की पोरगं दोन इंच उंच होतं आणि पळायला निम्मं. जुना टूथब्रश दे, आणि रद्दीचे पेपर. रात्री ओल्या बुटात कोंबले की सकाळी बूट घालण्याजोगे होतात. बूट रबरी खिळ्यांचेच असू दे, आणि नवे कोरे देऊ नकोस. फोड आलेल्या पायानं पहिल्या बेसपर्यंतचे नव्वद फूटही पळवत नाहीत.

कागदपत्रांच्या मूळ प्रती सरांकडे, झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत त्याच्याजवळ. जन्मदाखल्यावरचं नाव-तारीख आणि आधारवरचं नाव-तारीख आजच शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघ. वयोगटाचा सगळा खेळ त्या तारखेवर असतो. आमच्याकडे एका काना-मात्रेपायी मी दोन दिवस हेलपाटे घातलेत, त्यावर आत्ता बोलत नाही.

खायला दुधातल्या दशम्या कर, दोन दिवस मऊ राहतात. शेंगदाण्याची चटणी कोरडी असू दे, तेलाची पिशवी फुटली की संघाच्या टोप्यांना वास लागतो (माहीत आहे म्हणून सांगते). केळी आमच्याकडून पाठवते, जरा कच्चटच. कानबाईचे रोट मात्र देऊ नकोस. ते भाऊबंदांबाहेर जात नाहीत, आणि संघात डबा उघडला की तो एकट्याचा राहत नाही.

आता ग्लोव्हचं. बंटी डावखुरा आहे हे तू सरांना सांगितलंस का? ग्लोव्ह फेकायच्या हातात नाही, दुसऱ्या हातात घालतात. शाळेच्या किटमधले बहुतेक ग्लोव्ह डाव्या हातात बसणारे, म्हणजे उजव्यांसाठीचे. ते घालून झेल घेतला की डावखुऱ्याला आधी ग्लोव्ह काढावा लागतो, मग फेक. तेवढ्यात समोरचा बेसवर पोचलेला असतो, आणि पोराला वाटतं आपणच मंद आहोत. संघातल्या एका डावखुऱ्या मुलीला थोरलीनं वर्षभर तसं खेळताना पाहिलंय. क्रिकेटमध्ये मोकळ्या हातानं झेल घेतात म्हणून ही अडचण आपल्याला सुचतच नाही. उलट पहिल्या बेसवर डावखुरा हवाहवासा असतो: त्याचा ग्लोव्ह उजव्या हातात, म्हणजे आतल्या मैदानाच्या बाजूला येतो, आणि दुसऱ्या बेसकडे फेकायला अंग वळवावं लागत नाही. सरांना विचार, त्याला तिथं उभं करून बघतील का.

ग्लोव्ह मी बघते. नवं चामडं पुठ्ठ्यासारखं कडक असतं. हलका तेलाचा हात फिरवून, आत चेंडू ठेवून, दोरीनं बांधून रात्री गादीखाली ठेवायचं. आठवडाभर तरी लागतो, म्हणून घाई. पारोळामार्गे तुमच्याकडे येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवीन. तू फक्त कोऱ्या कागदावर त्याचा पंजा ठेवून पेन्सिलीनं कड काढ आणि फोटो पाठव. उजवा पंजा. डावा काढशील, म्हणून दोनदा लिहिते: उजवा.

तुझी,
ताई