बाकी ११७९ रुपये

२००६ साली मी थर्ड इयरला होतो आणि हॉस्टेलच्या मेस कमिटीतही. (कशाला? फीस्टला जादा गुलाबजाम मिळायचे म्हणून. असो.) बिलं काढण्यात दर महिन्याला एक रात्र जायची, म्हणून मी सी मध्ये प्रोग्रॅम लिहिला. फाईलमधून भरलेले पैसे आणि बिल वाचायचं, बाकी काढायची, थकबाकीदारांची यादी छापायची. सगळे खूष, मी तर हवेतच!

पहिली यादी नोटीस बोर्डावर लागली. सगळ्यात वर माझ्याच रूम पार्टनरचं नाव, बाकी ११७९ रुपये. यादीत नाव म्हणजे ताट बंद. पठ्ठ्या मला एका शब्दाने बोलला नाही. दोन दिवस वडापाववर काढले आणि एसटीडी बूथवरून घरी फोन केला. तिसऱ्या दिवशी त्याचे वडील सकाळच्या एस.टी.ने हजर. पिशवीत शेंगदाण्याची चटणी आणि उसने आणलेले बाराशे रुपये. मला म्हणाले, "कॉम्प्युटरनं काढलंय म्हंजे बरोबरच असंल."

मी पळत जाऊन फाईल उघडली. बिल ११८०, बरोबर. इतरांचे पैसे मी रजिस्टरवरून १२५० असे टाईप केले होते; त्याचे मात्र पावतीवरून, जसेच्या तसे: १,२५०. एटोआय हे फंक्शन आकडे वाचत जातं आणि पहिलं परकं अक्षर दिसलं की थांबतं. स्वल्पविरामाला थांबलं आणि १ घेऊन परत आलं. तक्रार नाही, काही नाही. नुसती अक्षरं दिली तर शून्य देतं. मग खरंच शून्य लिहिलं होतं की कचरा, कळणार कसं?

चूक माझी, असं काकांना सांगितलं. ते हसले, "मग ज्याचे त्याला देऊन टाकतो" म्हणाले आणि दुपारच्या गाडीने गेले. पार्टनर चार दिवस बोलला नाही.

त्या रात्री सगळं स्ट्रटोलवर नेलं. ते कुठे थांबलं याचा पॉइंटर देतं. पॉइंटर सुरुवातीलाच असेल तर आकडा नव्हताच. मजकुराच्या शेवटी नसेल तर मागे काहीतरी उरलंय. आकडा मावला नाही तर एरनोमध्ये ईरेंज येतं, पण एरनो आधी शून्य करावा लागतो (हे मी पहिल्यांदा विसरलोच). आणि बेस १० च द्यायचा. शून्य दिला तर ०१० चे आठ होतात. कुठेही गडबड दिसली की प्रोग्रॅम ओळ नंबर छापून थांबायचा, यादी काढायचाच नाही.

नव्या यादीत पार्टनरचे ७० रुपये जमा निघाले.