जबल शम्सच्या कड्यावर भाईजानसोबत

कोकणातल्या मुस्लिम घरांना मस्कत हे नाव परके नाही. कुणाचा भाऊ, कुणाचा शौहर रोजीरोटीसाठी तिथे गेलेला असतो. सुट्टीवर आलेल्या माणसाकडून आपण ऐकतो ते तिथले ऊन, कंपनी, कॅम्प आणि बाजार. पण त्याच ओमानमध्ये आपल्या कळसूबाईच्या जवळपास दुप्पट उंचीचा डोंगर आहे आणि त्याच्या पोटात सुमारे एक हजार मीटर खोल दरी आहे, हे सहसा कुणी सांगत नाही.

डोंगराचे नाव जबल शम्स, म्हणजे सूर्याचा पर्वत. उंची सुमारे ३,००० मीटर. २०१९ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी थोरल्या भावाकडे मस्कतला गेले होते. भाईजान एकोणिसाव्या वर्षी घरातून निघाले, त्याला तेव्हा सव्वीस वर्षे झाली होती. माझ्या बी.एड.ची फी त्यांच्याच पगारातून आली. ते गावी येत तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेले असे. भावाबहिणीने निवांत बोलावे असा दिवस कधी मिळालाच नाही. अब्बांच्या इंतकालानंतर गावचे घर बंद पडले होते. विकायचे की ठेवायचे, हा विषय फोनवर निघे आणि तिथेच राही. भाईजान म्हणाले, "चल, या वेळी डोंगरात जाऊन बोलू."

मस्कतहून निझवा, तिथून अल हमरा आणि जवळच मिस्फा अल अब्रियीन हे डोंगरउतारावरचे जुने गाव. तिथे आम्ही मुक्काम केला. गावातून फलज वाहतो. फलज म्हणजे आपल्या वाडीतला पाटच समजा. झऱ्याचे किंवा जमिनीखालचे पाणी केवळ उताराच्या जोरावर वस्तीपर्यंत आणलेले असते. त्याला पंप नाही, वीज नाही. आधी पिण्याचे पाणी भरायचे, मग वुजू आणि आंघोळ, शेवटी खजुराच्या आणि केळीच्या बागा. बागांची पाळी वेळेवर मोजतात. पूर्वी दिवसा सावली आणि रात्री तारे पाहून ही वेळ ठरवीत. ओमानात असे सुमारे ३,००० फलज आजही वाहते आहेत. त्यांतल्या पाचांना युनेस्कोने २००६ मध्ये जागतिक वारशात घेतले.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर आम्ही गाडीने वर निघालो. अल खितैम या छोट्या वस्तीपाशी रस्ता संपतो आणि पायवाट सुरू होते. वाट फार चढाची नाही, पण एका बाजूला उभा कडा आणि दुसऱ्या बाजूला पोकळी. कठडा कुठेच नाही. खाली वादी नखरचा तळ सुतासारखा दिसतो. दगडांवर रंगाच्या पट्ट्या ओढल्या आहेत, त्या पाहत चालायचे. हा सारा चुनखडक कधीकाळी समुद्राचा तळ होता. एवढ्या उंचीवर, कोरड्या वाळवंटी हवेत समुद्राच्या गोष्टी कराव्यात, ही अल्लाहची कुदरत! बकऱ्या मात्र अंगणात फिराव्यात तशा कड्यावर फिरत होत्या.

भाईजान सारा वेळ दरीच्या बाजूने चालले. लहानपणी खाडीच्या बांधावरून शाळेत नेताना ते असेच पाण्याच्या बाजूने चालत. मी काही बोलले नाही.

दीड-दोन तासांनी वाट एका ओस गावात पोचते. त्याचे नाव साब बनी खमीस. पुढे झुकलेल्या कड्याखाली दगडमातीच्या खोल्या आहेत, त्यांच्यापुढे पायऱ्यापायऱ्यांची शेते. खडकातून झिरपणाऱ्या पाण्यावर इथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या जगली. १९७० साली साऱ्या ओमानमध्ये शाळा होत्या फक्त तीन. त्यानंतर तेलाच्या पैशाने रस्ते, दवाखाने, शाळा झाल्या आणि अशा आडवळणाच्या वस्त्या खाली उतरल्या. मी शिक्षिका आहे. लेकरांच्या शाळेसाठी घर सोडणाऱ्याला मी दोष देऊ शकत नाही.

बाटलीतल्या थोड्या पाण्यात वुजू करून आम्ही जुहरची कसर नमाज अदा केली. मग भाईजान एका पडक्या भिंतीला टेकून बसले.

"भिंती अजून उभ्या आहेत बघ," ते म्हणाले. "पण घर म्हणावं असं काही उरलं नाही. आपलंही असंच होणार."

"म्हणून विकायचं?" मी विचारले.

बराच वेळ ते दरीकडे पाहत राहिले. "मी सव्वीस वर्षं त्या घराला पैसे पाठवले. राहिलो किती? हिशेब केला तर तीन वर्षंही भरणार नाहीत. विकायला हात धजत नाही आणि कुलूप बघवत नाही."

मी म्हणाले, "काल फलज पाहिला ना, भाईजान? पाणी एकाच्या मालकीचं नाही, तरी सगळे त्याची निगा राखतात. घरालाही वापरणारा माणूस हवा, मग तो आपणच का असावा?"

आमची एक चुलत बहीण बेवा झाल्यापासून दोन मुलांसह भाड्याच्या खोलीत राहत होती. तिचे नाव मी घेण्याआधी भाईजाननीच घेतले. परतीच्या वाटेवर बाकीचे ठरले: घर तिने वापरावे, विहीर दरवर्षी उपसावी, आणि आम्ही गावी गेलो तर पाहुणे म्हणून उतरावे.

वाचकांपैकी कुणी जाणार असेल तर थंडीच्या महिन्यांत जावे. माणशी तीन लिटर पाणी, पकड असलेले बूट आणि टोपी सोबत हवी. सकाळी लवकर निघावे आणि पावसाची चिन्हे असतील तर बेत रद्द करावा. वादीत लोंढा अचानक येतो. लहान मुलांना या वाटेवर नेऊ नये. वर गालिचे विकणारी स्थानिक माणसे भेटतात. बकरीच्या केसांचे ते विणकाम त्यांची रोजी आहे, जमेल ते घ्यावे.

बहीण आता गावच्या घरात राहते. गेल्या मे महिन्यात भाईजान आले, तेव्हा ओसरीवर तिच्या मुलांची दप्तरे पडली होती. भाईजाननी दारातून सलाम केला आणि आतून तीन आवाजांनी जवाब दिला.