इंजिन शेवटी बघा

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस पहिल्यांदा बॉनेट उघडायला लावतो. "जरा रेस कर" म्हणतो, कान पुढे करून ऐकतो आणि सोबत आलेल्या मेहुण्याकडे बघून मान डोलावतो. व्यवहार तिथंच निम्मा झालेला असतो. माझ्या गॅरेजवर लोक गाडी घ्यायच्या आधी दाखवायला आणतात, तेव्हाही पहिला प्रश्न ठरलेला: "इंजिन कसं वाटतंय?" इंजिन शेवटी बघू, असं मी त्यांना सांगतो. आधी पायाखालचं मॅटिंग उचला.

हे मी कोल्हापुरात बसून सांगू शकतो. आपल्याकडे इंजिन हीच त्यातल्या त्यात सोपी दुरुस्ती आहे. शिवाजी उद्यमनगरात शेतीच्या ऑइल इंजिनांवर हात बसलेल्या कारागिरांची तिसरी पिढी काम करते आहे. म्हादबा मेस्त्रींचं नाव तिथं अजून आदरानं घेतात. बोअर मारायचं, क्रँक ग्राइंड करायचा, हेड फेसिंग करायचं, व्हॉल्व्हच्या सीटा कापायच्या, तर एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जावं लागतं, इतकंच. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतून मोठ्या कंपन्यांना इंजिनाचं ओतीव काम जातं, पिस्टनसुद्धा जिल्ह्यातच बनतात. अशा गावात राहून मारुती ८०० नाहीतर अल्टोचं तीन सिलिंडरचं इंजिन थोडा धूर मारतंय म्हणून चांगल्या अंगाची गाडी सोडायची, हे मला पटत नाही. रिंगा बदलता येतात. कुजलेला पत्रा, पाण्यात बसलेलं वायरिंग आणि अडकलेले कागद यांवर मात्र उद्यमनगरातही औषध नाही.

पाण्यापासून सुरू करतो, कारण ते आपल्या गावाचं दुखणं आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये नदी ५५ फुटांच्या वर गेली आणि जुलै २०२१ मध्ये ५६ फुटांवर. शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, दुधाळी, रमणमळा इथल्या पार्किंगमध्ये उभ्या गाड्यांचं काय झालं, ते सगळ्यांनी पाहिलंय. त्या गाड्या कुठं गेल्या, हा पुढचा प्रश्न. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा मूल्याच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की विमा कंपनी गाडी 'टोटल लॉस' धरते, मालकाला पैसे देते आणि सांगाडा लिलावात जातो. घेणारा तो धुऊन, वाळवून, रंगवून शक्यतो पूर न आलेल्या गावात विकतो. म्हणजे आपल्या गाड्या बाहेर गेल्या, तशा बाहेरच्या आपल्याकडे येतात. त्याच जुलैमध्ये चिपळूण बुडालं होतं. तेव्हा एमएच-०९ असो की एमएच-०८, नंबर बघून निर्धास्त होऊ नये.

एक वॅगनआर आठवते. गारगोटीकडचे एक शिक्षक घेणार होते. गाडी चकाचक, नवी सीट कव्हरं, डॅशबोर्डवर अत्तराची बाटली. सोबत आलेला दलाल म्हणत होता, "सर, इंजिन एक नंबर हाय, आवाज बघा की." मी मागच्या सीटचा पट्टा धरला आणि पार शेवटपर्यंत ओढून काढला. पुढचा सगळा पट्टा स्वच्छ, पण शेवटची वीतभर पट्टी चहाच्या रंगाची आणि तिच्या कडेला सुकलेल्या गाळाची बारीक रेघ. पट्टा धुणारे धुतात, पण गुंडाळीच्या आत राहिलेला भाग त्यांच्या हाताला लागत नाही. मग ड्रायव्हरच्या सीटचे बोल्ट बघितले, त्यांच्या डोक्यांवर पान्याच्या ताज्या खुणा. सीट काढल्याशिवाय कार्पेट काढता येत नाही आणि चांगल्या गाडीचं कार्पेट कोण कशाला काढेल? स्टेपनीच्या खोबणीत बोट फिरवलं, कोपऱ्यात मऊ माती. कार्पेटखाली वायरिंगचा एक जोड सोडवला, तर आतल्या पितळी टोकांवर हिरवी बुरशी. "एकदा इंटिरियर वॉश केलंय," दलाल म्हणाला. शिक्षकांनी काही न बोलता माझ्याकडे बघितलं आणि विसाराचं पाकीट परत खिशात ठेवलं.

पाण्यात बसलेली गाडी त्या दिवशी उत्तम चालते, म्हणून तर फसगत होते. एअरबॅगचं मॉड्यूल बऱ्याच छोट्या गाड्यांत दोन पुढच्या सीटांच्या मध्ये, जमिनीलगत असतं. पायाखालून जाड वायरिंग गेलेलं असतं. जोडांतला गंज हळूहळू चढतो आणि सहा महिन्यांनी कधी पॉवर विंडो बंद, कधी एअरबॅगचा दिवा, कधी गाडी भर रस्त्यात बंद. इलेक्ट्रिशियन एक जोड नीट करतो तोवर दुसरा बोलतो.

कागदावरूनही पाणी शोधता येतं, ते फार जण करत नाहीत. मालक एकच असेल, तर जुन्या पॉलिस्या मागा आणि 'नो क्लेम बोनस'चा आकडा बघा. क्लेम न घेता वर्षं जातील तसा तो २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा चढतो. २०१८ ला ३५ टक्के असलेला बोनस २०१९ च्या पुरानंतरच्या नूतनीकरणात एकदम शून्यावर आला असेल, तर काहीतरी मोठं घडलंय. अपघातही असू शकतो, पण विचारायचा हक्क तुम्हाला मिळाला. मालक बदलला की हे गणित चालत नाही, कारण बोनस माणसाचा असतो, गाडीचा नसतो.

पाण्यानंतर पत्रा. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या गाडीला खारी हवा लागलेली असते, ते सगळ्यांना माहीत आहे. आपल्या ऊसपट्ट्यातली गाडीही तितकीच तपासावी लागते, याकडे दुर्लक्ष होतं. शिरोळ-हातकणंगलेच्या काळ्या रानातून फिरलेल्या गाडीच्या मडगार्डच्या आत चिखलाचे गोळे बसतात, ओल धरून ठेवतात आणि मागच्या चाकांच्या कमानी आतून खातात. म्हणून गाडी जॅकवर किंवा रॅम्पवर घ्याच. दाराखालची पट्टी, जॅक लावायच्या जागा, पुढच्या शॉकअपच्या वरचे टॉवर, सगळीकडे स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जा. खणखणीत आवाज यायला हवा. 'बद' असा आवाज आला तर आत लांबी भरलेली आहे. फडक्यात गुंडाळलेला छोटा लोहचुंबक फिरवला की तेच कळतं, लांबीवर तो धरत नाही. खालून सगळीकडे ताजा काळा अंडरकोट मारलेला असेल, तर मी कौतुक करत नाही. विकायच्या आठवड्यात कुणी पोटाला रंग लावत नाही, उगाच.

ठोकलेली गाडी ओळखायला काचा पुरतात. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात कंपनीची खूण आणि वर्षाचा संकेत असतो. पाच काचा २०१२ च्या आणि एकच २०१६ ची असेल, तर त्या बाजूचं दार, पिलर नीट बघा. एवढ्यावर गाडी टाकून देऊ नये, दगड लागूनही काच फुटते. चेसिसच्या पुढच्या दोन दांड्यांवर वेल्डिंगची हाताची खूण दिसली तर मात्र किंमत विचारूसुद्धा नका.

मीटरचं काय? मीटर मागं घेणं फार सोपं आहे, मी त्यावर वेळ घालवत नाही. पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंग चकचकीत आणि आकडा चाळीस हजार, असं असेल तर समजायचं ते समजा.

आता इंजिन. आदल्या रात्री विक्रेत्याला सांगा, सकाळी गाडी सुरू करू नका, मी येऊन सुरू करतो. तुम्ही पोचता तेव्हा बॉनेट गरम असेल तर तेच उत्तर. थंड इंजिन सुरू होताना जे बोलतं, ते नंतर बोलत नाही. ऑइलचं झाकण काढा. आतून दुधाच्या सायीसारखा थर असेल तर पाणी ऑइलमध्ये मिसळतंय. मग गाडी पन्हाळ्याला घ्या. शहरातून गडापर्यंत साधारण ४०० मीटरची चढण आहे आणि वाघबीळच्या पुढचा चढ एसी लावून, तीन माणसं बसवून चढवली की क्लच, रेडिएटर, पंखा, सगळ्यांची परीक्षा होते. खरी गंमत उतरताना. दुसऱ्या गिअरमध्ये, अॅक्सिलरेटरवरचा पाय काढून उतरत या आणि सपाटीला लागताच जोरात पाय द्या. मागे बसलेल्या माणसाला निळा धूर दिसला, तर व्हॉल्व्ह सील किंवा रिंगा गेल्यात. तेवढे पैसे किमतीतून कापा आणि गाडी घ्या, असंच मी सांगतो.

टायमिंगचा पट्टा की चेन, हे आधी विचारा. जुन्या सँट्रोला आणि १.१ लिटरच्या आय-टेनला पट्टा आहे. तो वेळेवर बदलला नाही आणि तुटला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. पट्टा कधी बदलला याचं बिल नसेल, तर बदललाच नाही असं धरून चाला. १.२ च्या आय-टेनला आणि २०१० नंतरच्या पेट्रोल स्विफ्टला चेन आहे.

डिझेलबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. स्विफ्ट, रिट्झ, इंडिका व्हिस्टा या सगळ्यांतलं १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन उत्तम, पण दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात खाली यायला लागल्या. इंजेक्टर आणि टर्बोचं एक बिल त्या स्वस्ताईला पुरून उरतं. महिन्याला हजार-दीड हजार किलोमीटर होत नसतील, तर पेट्रोल घ्या. आपल्याच उसाचं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असतं आणि एप्रिल २०२३ आधीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. जुन्या गाडीचे इंधनाचे रबरी पाइप तेवढे बघून, कडक झाले असतील तर बदलून घ्या.

इथून निघून गेलेल्या कंपन्यांच्या गाड्या मोहात पाडतात. शेवरले २०१७ अखेर भारतातल्या बाजारातून गेली, फोर्डनं २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं ठरवलं. बीट किंवा फिगो त्याच वर्षाच्या स्विफ्टपेक्षा खूप कमी पैशात मिळते. फिगोचं अंग मजबूत, मला गाडी आवडते. पण हेडलाइट फुटला तर तो शोधायला किती दिवस लागतील, हे आधी एखाद्या स्पेअर पार्टवाल्याला विचारून या.

अजून एक, ज्यावर गिऱ्हाईक क्वचितच विचारतं. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपनं अल्टो ८००, आय-टेन, फिगो, पोलो आणि नॅनो यांच्या एअरबॅग नसलेल्या गाड्या आपटून बघितल्या, पाचही शून्य तारे. एबीएस एप्रिल २०१९ पासून आणि ड्रायव्हरची एअरबॅग त्याच वर्षीच्या जुलैपासून सक्तीची झाली. त्याआधीची गाडी घ्यायची आणि घरच्यांना घेऊन वारंवार पुणे-बेंगळुरू हायवेवर जायचं असेल, तर एबीएस-एअरबॅगवालं वरचं मॉडेल शोधा, रंग आणि म्युझिक सिस्टीम मागं ठेवा.

कागदांत बेळगावची गाडी हा आपल्याकडचा नेहमीचा विषय. केए-२२ नंबरची गाडी स्वस्त वाटते, पण तिकडच्या आरटीओची फॉर्म २८ ची एनओसी, इथं नव्यानं भरायचा कर आणि तिकडच्या कराचा परतावा मिळवायची धावपळ जमेस धरा. कर्ज असेल तर बँकेकडून फॉर्म ३५ वर बोजा उतरवून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. गाडीला १५ वर्षं होत आली असतील तर फेरनोंदणी येणार. एप्रिल २०२२ पासून तिचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालंय, पर्यावरण कर वेगळा. आणि विकणाऱ्यांनो, तुमच्यासाठीही: आरसीवर नाव तुमचं असेपर्यंत अपघाताची जबाबदारी तुमच्याकडेच येते, सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये हे स्पष्ट केलंय. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दलालाच्या हातात देणं म्हणजे नाव बदललं असं नव्हे.

पाडव्याला ताबा घ्यायचा असेल तर घ्या, मुहूर्ताला माझी ना नाही. पण त्या आठवड्यात भाव उतरत नाही. थांबायची तयारी असेल तर डिसेंबरच्या शेवटी फिरा. १ जानेवारीला प्रत्येक गाडी कागदावर वर्षानं जुनी होते, त्यामुळं दारात उभी असलेली गाडी दलालाला त्याआधी काढायची असते. बघायला जाताना गाडी थंड ठेवायला सांगा, आणि जुन्या पॉलिस्या मागा.