थेंबाहून लहान

पाऊस ओसरला की अकोटहून सातपुडा जवळ आल्यासारखा वाटतो. नरनाळ्याच्या तटावर ढग टेकतात, पोपटखेडकडचे नाले मंद होऊन खडकांच्या खळग्यांत थबकतात, खाली काळ्या वावरांत कपाशी पात्याफुलांवर येते. त्याच निवळ पाण्यात ॲनॉफिलिस डासाची अळीही वाढते. खळग्यात शेवाळ धरतं, तशीच तीही येते. तिच्या वाढीतली अचूकता पाहिली की भीतीइतकाच आदर वाटतो.

मादी एका वेळी जेमतेम दोन-तीन मायक्रोलिटर रक्त घेते. तेवढ्यावर तिची अंडी पोसली जातात. ती बाधित असेल तर घेताना लाळेतून हिवतापाचे मोजकेच जंतू आत सोडते, आणि माणूस आडवा करायला तेवढे पुरतात. १८९७ मध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉसनं डासाच्या जठराच्या भिंतीवर हे जंतू वाढताना पाहिले, तेव्हा कुठे हा व्यवहार माणसाला कळला.

त्याला माणसानं शोधलेलं उत्तरही तितकंच बारीक आहे. पायथ्याच्या कोरकू वस्तीत लेकरू तापानं फणफणलं की आशाताई हिवताप तपासायच्या पट्टीचं किट उघडतात. बोट स्पिरिटनं पुसायचं, वाळू द्यायचं, टोचायचं, इवल्या नळीत पाच मायक्रोलिटर रक्त घ्यायचं आणि पट्टीच्या पहिल्या खळग्यात सोडायचं. टपोऱ्या थेंबाचा हा लहानसा अंश. तरी निरोगी माणसाच्या एवढ्याशा रक्तात सुमारे अडीच कोटी तांबड्या पेशी असतात! रक्त जास्त पडलं तर पट्टी लालभडक होऊन जंतू दाखवणारी रेघ झाकते. कमी पडलं तर विरळ जंतू निसटतात. म्हणून त्या ताईंचा स्थिर हात मला फार मोलाचा वाटतो.

मग पट्टीच्या दुसऱ्या खळग्यात द्रावणाचे थेंब पडतात आणि रक्त चालू लागतं. त्याला ना वीज लागते ना पंप. पट्टी नायट्रोसेल्युलोजची, म्हणजे मुळात कापसाच्या किंवा लाकडाच्या तंतूंची. काळ्या मातीत खालची ओल जशी कणाकणांतल्या फटींतून वर चढते, तसं रक्त पट्टीतल्या बारीक छिद्रांतून केशाकर्षणानं सरकतं. वाटेत त्याला डोळ्यांना न दिसणारे सोन्याचे कण भेटतात. इतकं बारीक झालेलं सोनं तांबडं दिसतं. जंतूचं प्रथिन या कणांना धरून पुढे जातं आणि प्रतिपिंडांच्या रेघेवर अडकतं. ती रेघ कारखान्यात आखताना सेंटिमीटरला साधारण एक मायक्रोलिटर द्रव सोडलेला असतो. रक्ताचं माप आशाताईंचं, रेघेचं माप त्या यंत्राचं. दोन्ही जुळली आणि रक्तात जंतू असले की पंधरा-वीस मिनिटांत तांबूस रेघ उमटते.

रेघ हिवतापाच्या फाल्सिपॅरम जातीच्या जंतूची असेल तर आर्टेमिसिनिनयुक्त औषध त्याच दिवशी सुरू व्हायला हवं, कारण हा ताप मेंदूवर जाऊ शकतो. व्हायव्हॅक्स जातीची असेल तर क्लोरोक्विननं ताप उतरतो, पण जंतू यकृतात निजून राहतात. त्यासाठी प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस असतात. दोन-तीन दिवसांत लेकरू खेळायला लागतं, घरचे कापूस वेचायला जातात, आणि उरलेल्या गोळ्यांसाठी आशाताई पुन्हा त्याच दारात उभ्या राहतात.