खाडीकाठचे बिऱ्हाड

बदलीचा हुकूम हाती पडला तेव्हा, बेळगावहून चोर्ला घाट उतरले की पणजी येते, एवढेच आम्हांला ठाऊक होते. बिऱ्हाड सहज मिळेल असे वाटले होते. परंतु नव्या वसाहतींतील उंच इमारती पाहून आमच्या ब्याऐंशी वर्षांच्या आईंनी मान हलविली. "एवढ्या उंचावर तुळस लावून मी कुणाला पाणी घालू?" हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. अखेर एका स्नेह्याने फोंताइन्हासमधील एका जुन्या घराचा तळमजला सुचविला आणि नोव्हेंबरच्या एका सकाळी आम्ही तिघे त्या दारापाशी उभे राहिलो.

फोंताइन्हास म्हणजे एका अंगाला आल्तिनोची टेकडी आणि दुसऱ्या अंगाला मांडवीला मिळणारी ओरेंची खाडी, या दोहोंच्या चिमटीत बसलेली वस्ती. एकेकाळी येथे माडांची बाग होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मोझांबिकमध्ये संपत्ती मिळवून परतलेल्या सिकैर नावाच्या एका गोमंतकीय गृहस्थाने ही वस्ती वसविण्यास प्रारंभ केला. मळ्याच्या बाजूला टेकडीच्या पायथ्याशी जो झरा आहे, त्यावरून तिला हे नाव मिळाले. त्याचा अर्थच मुळी लहान झरे. जुने गोवे रोगराईने ओस पडत गेले, माणसे पणजीकडे सरकली आणि १८४३ मध्ये राजाज्ञेने पणजी ही राजधानी झाली. त्या काळातील कारकून, वकील, व्यापारी यांची घरे या अरुंद गल्ल्यांतून आजही खांद्याला खांदा लावून उभी आहेत.

घरमालकीणबाई वरच्या मजल्यावर राहत. सारी गल्ली त्यांना आंटी म्हणे, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. "तुमी खंयचीं?" एवढेच त्यांनी विचारले. बेळगावचे म्हणताच त्यांनी किल्ली पुढे केली. करार अकरा महिन्यांचा झाला. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या कायद्याप्रमाणे नोंदवावा लागतो, म्हणून सर्वत्र ही अकरा महिन्यांची वहिवाट. पोलीस ठाण्यात भाडेकरूंच्या माहितीचा अर्ज देऊन आलो आणि सामान लावले.

जांभ्या दगडाच्या जाड भिंतींमुळे भर एप्रिलमध्येही आत गारवा असे. एका खिडकीला काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसविलेल्या होत्या. त्यांतून येणारा उजेड दुधासारखा दिसे. गैरसोयीही पुष्कळ. मोटार दारापर्यंत येत नाही, पुस्तकांना बुरशी येते, लोखंडी कडी वर्षभरात गंजते. कोपऱ्यावरच्या सांत सेबास्तियांवच्या कपेलाची घंटा प्रथम आईंच्या झोपेत येई. तेथील क्रूस पूर्वी जुन्या गोव्याच्या इन्क्विझिशनच्या वाड्यात होता. ते न्यायासन १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. या क्रूसावरील ख्रिस्ताचे डोळे मिटलेले नाहीत, उघडे आहेत. आम्ही तो पाहून आलो त्या रात्री बराच वेळ कुणी काही बोलले नाही. ज्या भीतीने कित्येक घराणी देव घेऊन नदीपार गेली, ती आता या शांत गल्लीत कुठेच दिसत नव्हती. पण ते डोळे मात्र उघडेच होते.

जुलैमध्ये एका रात्री पावसाने कहर केला. भरतीने खाडी तुडुंब असते त्याच वेळी टेकडीवरचे लोंढे उतरले, की पाण्याला वाट उरत नाही. मध्यरात्री उंबऱ्याशी पाणी आले. आम्ही गाद्या उचलीत होतो, तोच आंटी कंदील घेऊन जिन्यात उभ्या राहिल्या. आईंना त्यांनी हात धरून वर नेले आणि आपल्या पलंगावर निजविले. पहाटे पाणी ओसरले. वर जाऊन पाहतो तो दोघी चहा घेत बसलेल्या. आमची तुळस कुंडीसह आंटींच्या गॅलरीत पोहोचली होती.

त्या रात्री आंटींनी आईंना मन मोकळे करून सांगितले होते. मुलगा लिस्बनला असतो. पाहुण्यांसाठी खोल्या करायला घर दिले, तर आम्ही देतो त्याच्या दुप्पट भाडे मिळेल, असे तो दर फोनला सांगतो. शेजारची घरे तशी गेलीही आहेत. तेथे रोज नवी माणसे येतात, दारांपुढे छायाचित्रे घेतात. पायरीवर तांदूळ निवडीत बसलेल्या आईंचीही न विचारता घेतात. आंटींना पैसा नको होता असे नाही. छप्पर शाकारायचे होते. पण रात्री खालून कुणाचा तरी खोकला ऐकू आला, की आपल्याला झोप लागते, असे त्या म्हणाल्या.

सप्टेंबरअखेर करार संपत आला तेव्हा मुलगा स्वतः आला. माणूस सालस होता. आम्ही मुकाट्याने ताळगावला दुसरी जागा पाहून ठेवली. जाण्याच्या आदल्या दिवशी त्याने चार तास वर आईशी बोलणी केली. संध्याकाळी आंटी खाली आल्या, नवा करार टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "आनीक अकरा म्हयने. फुडलें देवाक खबर."

भाडे आम्ही आपण होऊन थोडे वाढविले. दुप्पट देणे आमच्या आवाक्यात नव्हते.

पावसाळा सरला की येथील घरांना रंग देण्याची जुनी रीत आहे. शुभ्र पांढरा चर्चचा, घरांना निळा, पिवळा, तांबडा. परवा रंगारी आला. आंटींनी रंग निवडण्याचे काम आईंवर सोपविले. आईंनी हळदीचा डबा आणून त्याच्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "असा दे."